व्हीलचेअर दुसऱ्या मजल्यावर

गुलाबताई,

तुमच्या शोकप्रस्तावाचा मसुदा मी समोरचा चहा गार व्हायच्या आत लिहून काढला. हाताला सवय आहे. 'निरपेक्ष सेवा', 'संस्थेचा आधारवड', 'कधीही न भरून येणारी पोकळी' ही वाक्यं मला सुचावी लागत नाहीत, नाव बदललं की झालं. रुग्णसाहित्य केंद्राचा कार्यवाह म्हणून अशी बरीच माणसं मी त्या पोकळीत पाठवली आहेत. तुमच्या वेळी मात्र चौथ्या वाक्याला अडकलो. लिहून गेलो होतो, 'संस्थेच्या प्रत्येक निर्णयाला त्यांची मनापासून साथ असे.' हे खोटं आहे हे आपल्या दोघांना माहीत होतं. आता मला एकट्यालाच माहीत आहे.

त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या दहाव्याला खाडीवर आलो होतो. मागे, चपला काढून ठेवल्या होत्या तिथे उभा राहिलो. तुमच्या सुनेने मला ओळखलं. म्हणाली, "आई तुमचं लय नाव घ्यायच्या. म्हणायच्या, दादांचं अक्षर छापल्यासारखं आहे." ती चांगल्या मनाने सांगत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्या अक्षराबद्दलच लिहायचं आहे, ताई.

तुम्ही केंद्रात पहिल्यांदा आलात त्या एअर बेड परत करायला. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांच्यासाठी घरच्यांनी नेला होता. लोक गादी परत करतात ती तशीच, घडी घालून, वास मारणारी. तुमची धुऊन, वाळवून, कडुनिंबाची पानं घालून आली. तुम्ही मला विचारलंत, "बाकीच्या कोन धुतं?" मी म्हणालो, कोणी नाही. तुम्ही पदर खोचलात. कल्याणला दवाखान्यात आया म्हणून उभी हयात घालवून नुकत्याच निवृत्त झाला होतात. त्यानंतर रविवार सोडला तर तुम्ही रोज दहाला हजर असायचात. खाटेवरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे खाट न्यायला आलेल्या बाईला तुम्ही तिथेच बाकावर आडवं पडून दाखवायचात. दिवा, कोपर, ठाकुर्ली, कुठून कुठून माणसं यायची. कुणाचा बाप पडलेला, कुणाच्या बायकोला लकवा. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर घेऊन जायची आणि जाताना तुमच्या पाया पडायची. माझ्याकडे फक्त पावतीवर सही घ्यायला यायची.

नानांनी हे केंद्र कसं काढलं ते तुम्हाला पाठ होतं, कारण ते दर वर्धापनदिनी सांगायचे. वहिनी सात वर्षं खाटेवर होत्या. त्या गेल्यावर नानांनी त्यांची खाट आणि खुर्ची स्टेशनजवळच्या एका गाळ्यात ठेवली आणि बाहेर पाटी लावली, ज्याला लागेल त्याने न्यावं. असा माणूस. त्यांच्यापुढे आवाज चढवायला जीभ रेटत नाही. नेमकं तिथेच आमचं बिघडलं.

एकदाच, तुम्ही यायच्या आधी, समितीतल्या कदमांनी भर बैठकीत त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "नाना, हे तुमचं चुकतंय." विषय काय होता तो आता कोणाला आठवतसुद्धा नाही. नाना घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं बीपी वाढलं आणि दोन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. डॉक्टरांनी याचा त्याच्याशी काही संबंध लावला नाही. आम्ही लावला. पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना फोन केले. "नानांच्या मनात असं असं आहे. उद्या फार ताणू नका." सगळे बरं म्हणाले. बैठक वीस मिनिटांत संपली, नाना हसत घरी गेले, आणि मला वाटलं, आपण केवढं चांगलं काम केलं.

ही विद्या माझ्याजवळ आधीपासून होती. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मी कार्मिक विभागात होतो, तिथे साहेबांच्या बैठकांची इतिवृत्तं मी लिहायचो. साहेबांना काय ऐकायचं आहे ते ओळखून लिहायचं, हीच तिथली नोकरी. नवीन मशीन चालत नाहीये हे खालच्या प्रत्येकाला माहीत होतं आणि वरच्या एकालाही नाही, कारण मधे मी होतो. कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी बाजाराला दोष दिला. निवृत्त झालो, डोंबिवलीत रिकामा बसलो, नानांनी बोलावलं, आणि ती सवय मी जेवणाच्या डब्यासारखी बरोबर घेऊन आलो.

मग ते वाढतच गेलं. आधी फोन करायचो. मग बैठकीच्या आदल्या दिवशी इतिवृत्ताचा सांगाडा लिहून ठेवायला लागलो, म्हणजे नंतर त्रास नको. मग पूर्णच लिहायला लागलो. 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' चर्चा व्हायची असायची उद्या आणि तिचा अंत माझ्या पिशवीत असायचा. हळूहळू मंडळींनी स्वतःचं मत बनवणंच सोडलं. फोनवर पहिला प्रश्न एकच, "नानांच्या मनात काय आहे?" मी सांगायचो. आणि वर्धापनदिनाला आम्ही छाती फुगवून म्हणायचो, आपल्या संस्थेत आजवर एकदाही मतदान घ्यावं लागलं नाही.

तुम्हाला समितीत घेतलं ते कार्यकर्त्यांतलं कोणीतरी हवं म्हणून. पण तुम्हाला मी फोन करायचो नाही. तुम्ही 'बरं' म्हणत नव्हतात. 'का?' म्हणायचात, आणि माझा अर्धा तास जायचा. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. तेव्हा स्वतःला सांगायचो की तुम्हाला कामं असतात, कशाला त्रास द्या.

जुना गाळा पुनर्विकासात गेला आणि एका देणगीदाराने आपल्याला वडिलांच्या नावाने तीन मजल्यांची छोटी इमारत दिली. तळमजला आणि वर दोन. आम्ही ती बघायला गेलो. नाना धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आले, खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "वर हवा छान आहे. सामान इथे चांगलं राहील." एवढंच बोलले. देणगीदाराला रस्त्याच्या बाजूने, सभागृहावर वडिलांचं नाव दिसायला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. दोन्ही जोडून मी घरी आलो आणि फोनला बसलो. "नानांच्या मनात आहे की खाली सभागृह करायचं आणि केंद्र दुसऱ्या मजल्यावर न्यायचं."

पलीकडे प्रत्येक जण क्षणभर थांबला. मला ते थांबणं ऐकू आलं होतं, ताई. कदम म्हणाले, "वर? ...बरं. नानांनी विचार केला असेलच." पाटणकरबाईंनी विचारलं, "आणि लिफ्ट?" मी म्हणालो, येणार आहे. लिफ्टबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. बाईंना धीर वाटावा म्हणून म्हणालो.

बैठकीत मी विषय वाचला. कोणी काही बोललं नाही. मग तुम्ही बोललात. "ज्याला चालता येत नाय त्याचेसाठी खुर्ची, नि ती न्यायला त्याचे बायकोने दोन माले चढायचे? मना कोनी समजवा." कोणीतरी खुदकन हसलं. तुमच्या बोलण्याच्या धाटणीला हसलं, हे तुम्हाला कळलं आणि मलाही. तुम्ही एकेकाकडे बघितलंत. ज्याच्याकडे बघाल त्याने मान खाली घातली. मी घाईघाईने म्हणालो, "ताई, लिफ्ट होतेय ना," आणि पुढचा विषय घेतला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माजा नाव लिवा. गुलाब नाय बोलली, असा लिवा." मी मान डोलावली. लिहितो म्हणालो.

पिशवीतल्या कागदावर 'सर्वानुमते' आधीच लिहिलेलं होतं. घरी जाऊन मी तो कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो, अगदी काही वाटलंच नाही असं नाही. पण एका नावासाठी एवढी वर्षं जपलेली गोष्ट मोडायची? नाना वाचतील, त्यांना लागेल. शिवाय, हे लिहायला मला फार जड जातंय, मनात असंही आलं की तुमचं वाक्य इतिवृत्तात बसणार कसं. ते शुद्ध करावं लागेल, आणि शुद्ध केलं तर ते तुमचं राहणार नाही. म्हणजे न लिहिण्याला मी तुमच्या भाषेचं कारण दिलं. कागद तसाच वहीत चिकटवला. पुढच्या बैठकीला तुम्ही नव्हतात, गावात भाचीची हळद होती. इतिवृत्त वाचून कायम झालं.

तुम्हाला ते वर्षभराने कळलं. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही कपाट आवरत होतात, वही हाताला लागली. चौथीपर्यंतचं शिक्षण, बोट ठेवून ठेवून वाचलंत. मी आलो तेव्हा बोट त्याच ओळीवर होतं.

"माजा बोलना कुठं गेला, दादा?"

मी म्हणालो, "ताई, नानांना वाईट वाटलं असतं."

"नानांना इचारलाव?"

"अहो, असं विचारतात का?"

"मंग तुमाला कसा कळला?"

तुम्ही वही मिटून जागेवर ठेवलीत आणि खुर्ची पुसायला घेतलीत. चिडला असतात, राजीनामा दिला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी दहाला हजर. त्यानंतर मात्र मी समोर दिसलो की तुमचा एकच शब्द, "इचारला?" मी म्हणायचो, बघतो. पुढे पुढे तुम्ही हसून विचारायला लागलात आणि मी हसून टाळायला. एवढ्या मोठ्या गोष्टीची आपण थट्टा करून टाकली होती.

लिफ्ट कधी आली नाही. तिच्यासाठी सोडलेल्या जागेत सभागृहाच्या मोडक्या खुर्च्या गेल्या. एक दिवस मला विसरता येत नाही. खाली 'आनंदी वार्धक्य' या विषयावर व्याख्यान होतं, मी दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला. दिव्याहून एक बाई आली होती, नवरा अंथरुणावर, घरी दुसरं कोणी नाही. खाट हवी होती. जिन्याकडे बघून तिने खाटेचा विचार सोडला आणि फक्त कमोडची खुर्ची मागितली. ती खुर्ची तुम्ही पदराची चुंबळ करून डोक्यावरून खाली आणलीत, साठी उलटलेल्या बाईने. व्याख्यानाला आलेले ज्येष्ठ नागरिक तुम्हाला वाट द्यायला बाजूला झाले. मीही झालो. माझ्या हातात पुष्पगुच्छ होता.

त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं, 'साहित्याची मागणी घटली असून, समाजाची आर्थिक स्थिती सुधारल्याचे हे सुचिन्ह आहे.' टाळ्या पडल्या. तुम्ही मागच्या रांगेत होतात. टाळी न वाजवता माझ्याकडे बघत होतात, आणि मी वाचत राहिलो.

शेवटचं भेटलो ते जिन्यातच. दोन हातांत दोन वॉकर घेऊन तुम्ही उतरत होतात. "इचारला?" मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात नक्की." पुढचा महिना तुम्ही पाहिला नाहीत. तुमच्या हृदयाचा आणि त्या जिन्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

तर तो अर्धवट मसुदा घेऊन मी नानांकडे गेलो. आता ते फारसे घराबाहेर पडत नाहीत. गॅलरीत बसले होते. मी चौथं वाक्य सोडून सगळं वाचून दाखवलं, आणि मग तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात ते विचारलं. "नाना, केंद्र वर न्यायचं हे तुमच्या मनात होतं ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "माझ्या मनात? अरे श्रीकांत, मी म्हटलं होतं जास्तीच्या गाद्या-खाटा वर ठेवू. केंद्र वर कोण नेईल? हिला घेऊन दोन पायऱ्या उतरताना माझी काय दशा व्हायची, मला माहीत नाही?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विषय वाचलास. सगळे गप्प. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना सभागृह हवंय. मी एकटा म्हातारा, कशाला आड येऊ?" मग म्हणाले, "त्या गुलाबताई बोलल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता आणखी कोणीतरी बोलेल. मी वाट बघत होतो."

ताई, मी तिथे रडलो. एवढ्या वयाचा माणूस, दुसऱ्याच्या गॅलरीत, रुमाल न सापडता. दुसऱ्या मजल्यावर केंद्र कोणालाच नको होतं. नानांना नको, कदमांना नको, बाईंना नको. मलाही नको होतं, हे तर मी स्वतःला विचारलंही नव्हतं. ज्याला मी 'नानांच्या मनात' म्हणत होतो ते माझ्याच मनातलं होतं आणि तेही मला पटलेलं नव्हतं. खोलीत खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि तुमचंच बोलणं मी गाळलं. तेही मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "आणि त्याच्याखाली अध्यक्ष म्हणून सही माझी आहे."

काल बैठक झाली. विषय दोन, तुमचा शोकप्रस्ताव आणि केंद्र खाली आणणं. मी कोणाला फोन केला नव्हता. मला आले, ते उचलले नाहीत. पिशवीत कोरा कागद होता. नानांना रिक्षाने आणलं.

शोकप्रस्तावातलं चौथं वाक्य मी असं वाचलं, 'केंद्र दुसऱ्या मजल्यावर नेण्याला त्यांनी बैठकीत विरोध केला होता आणि तो लिहून घ्यायला सांगितलं होतं. कार्यवाहाने तो लिहिला नाही. कार्यवाह मी आहे.' कदम पंख्याकडे बघत होते. कोणी मला वाईट म्हणालं नाही, चांगलंही म्हणालं नाही.

मग नाना उठले. म्हणाले, "दुसऱ्या विषयाला आज हात वर करून मतं घ्या. मी असलो की तुम्ही माझ्या हाताकडे बघाल. मी बाहेर बसतो." कोणी अडवायच्या आत ते काठी टेकत बाहेर गेलेही.

दार लोटलं गेलं, आणि ताई, सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

पाटणकरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "श्रीकांत, मग आता काय लिहायचं ठरलंय?"

त्यात टोमणा नव्हता. बाई खरंच विचारत होत्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळे नानांना भितात आणि मी आपला मधला निरोप्या. नाना खोलीत नव्हते आणि तरी ते सगळे तसेच, माझ्या शब्दाची वाट बघत बसून होते. मी इतिवृत्ताची वही बाईंच्या पुढे ठेवली, पेन वर ठेवलं आणि म्हणालो, "तुम्ही लिहा." आणि मीही बाहेर आलो.

नाना जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कदमांचा आवाज, "पण लिफ्टचं बोललं कोण होतं?" बाई काहीतरी म्हणाल्या. तिसरा आवाज म्हणाला, सभागृहाची बुकिंग झालीत त्यांचं काय? कदम ओरडले, बाईही ओरडल्या. एक खुर्ची सरकली. मी बीपीच्या काळजीने नानांकडे बघितलं. ते मान तिरकी करून कान देऊन ऐकत होते.

"काय ठरतंय रे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, नाना," मी म्हणालो.